अकादमीच्या अभिनेता शाखेला नाशिकहून खुलं पत्र: जानेवारीत पाच नावं लिहिताना आमच्या याद्या बघू नका

अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेसच्या अभिनेता शाखेतल्या समस्त मंडळींना,

स. न. वि. वि.

तुम्ही साधारण तेराशे जण आहात. त्यात मराठी वाचणारं कोण असणारे, असं मला घरातूनच विचारलं गेलं. माझं उत्तर तयार होतं, 2018 च्या निमंत्रितांच्या यादीत माधुरी दीक्षितचं नाव होतं. तेव्हा एक वाचक धरून चाललोय, बाकीच्यांना तिने वाचून दाखवावं.

विषय ऑस्करच्या बेस्ट ॲक्टरचा आहे. तुमची नॉमिनेशनची मतं पडणार 12 ते 16 जानेवारीला, सोहळा 15 मार्चला, आणि इकडे आज ऑक्टोबर 2025 मध्ये, दिवाळीचं फराळाचं सामान अजून आणायचंय तोवर, आम्ही लोकांनी निकाल लावूनसुद्धा टाकलाय.

आधी कबुली देतो. आमचा सात जणांचा ग्रुप आहे कॉलेजपासूनचा, त्यातले दोघं आता बाहेर असतात, एक न्यू जर्सी आणि एक लंडन, आणि दरवर्षी व्हेनिस, टेल्युराइड, टोरांटो हे तिन्ही फेस्टिव्हल उरकले की प्रत्येकाने बेस्ट ॲक्टरची पाच नावं लिहून ग्रुपवर टाकायची आणि जानेवारीत ज्याची सगळ्यात कमी नावं बरोबर निघतील त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची असा नियम आहे. बाहेरच्या दोघांना मिसळीचे पैसे ऑनलाइन जातात. यंदा माझी यादी दसऱ्यालाच तयार होती: लिओनार्डो डिकॅप्रिओ, मायकल बी. जॉर्डन, टिमोथी शालामे, वॅग्नर मौरा, इथन हॉक.

यातले मी स्वतः बघितलेत किती? दोन.

डिकॅप्रिओचा 'वन बॅटल आफ्टर अनदर' आणि जॉर्डनचा 'सिनर्स'. बाकी तिघांचं काम डोळ्यांनी पाहिलेलं नाही आणि तरी ते यंदाच्या पहिल्या पाचात आहेत असं छातीठोकपणे लिहून मोकळा झालो. शालामेचा 'मार्टी सुप्रीम' तर मी यादी टाकली तेव्हा जगात कुठे दाखवलाच नव्हता! आमच्याकडे कोजागिरीची रात्र सरत आली होती, दुधाची भांडी घासायला पडली होती, तेव्हा तिकडे न्यूयॉर्क फेस्टिव्हलला तो अचानक न सांगता दाखवला गेला, आणि सकाळी उठून फोन बघतो तर शालामे 'लॉक'. लॉक म्हणजे आता हलत नाही. पिक्चर लागायचाय 25 डिसेंबरला. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, फक्त आम्ही भटणीला मारत नाही, मिसळीच्या पैजा लावतो.

आता तुम्ही म्हणाल की लावा ना पैजा, आमचं काय जातंय. इथेच तर खरी गोष्ट आहे. आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्या याद्या कुणी बघत नाही हे मला कळतं, पण ज्यांचा हा धंदाच आहे त्यांच्या याद्या तुमचे स्टुडिओ बघतात, मग त्यावरून पैसा कुठे लावायचा ते ठरतं, कुणाच्या नावाच्या जाहिराती, कुणाच्या पिक्चरचे खास शो आणि नंतर गप्पा आणि वाइन, कुणाला किती मुलाखती, आणि मग डिसेंबरात तुमच्यासमोर जो ढीग येतो त्यात वर कोण आणि तळाशी कोण हे तुम्ही एकही सिनेमा बघायच्या आधीच ठरलेलं असतं. आम्ही म्हणतो याद्या म्हणजे अंदाज. अंदाज कसला, पंक्तीत कोण बसणार तेच ठरतंय, आणि पान मांडल्यावर तुम्हाला विचारतात की काय आवडलं.

यंदाचंच उदाहरण देतो, ताजं आहे. सॅफ्डी भाऊ तुम्हाला माहीत आहेत, जॉश आणि बेनी, दोघं मिळून सिनेमे करायचे, आता वाटण्या झाल्यात. जॉशने टेबल टेनिसवाल्यावर केला, तो शालामेचा, आणि बेनीने मार्क केर या फायटरवर, 'द स्मॅशिंग मशीन', त्यात ड्वेन जॉन्सन. म्हणजे आपला रॉक! सप्टेंबरच्या सुरुवातीला व्हेनिसला दाखवला, पंधरा मिनिटं टाळ्या पडल्या अशा बातम्या, जॉन्सन रडतोय असे फोटो, बेनीला दिग्दर्शनाचं सिल्व्हर लायन, आणि त्या आठवड्यात मी बघितलेल्या बहुतेक याद्यांत ड्वेन जॉन्सन आलेला. (पंधरा मिनिटं टाळ्या वाजवून हात कसे दुखत नाहीत मला कळत नाही. आमच्याकडे सवाईला भीमसेनजींना सुद्धा एवढा वेळ टाळ्या ऐकल्याचं कुणी सांगत नाही, लोक वन्स मोअर म्हणून पुढचं ऐकायला बसतात.) मग 3 ऑक्टोबरला पिक्चर लागला. पाच कोटी डॉलरच्या आसपास खर्चाचा पिक्चर, आणि अमेरिकेत पहिल्या वीकेंडला साठ लाखांच्या आसपास धंदा. सोमवारी याद्यांमधून माणूस गायब.

सप्टेंबरातला अभिनय आणि ऑक्टोबरातला अभिनय यात फरक काय पडला हो? रीळ तेच, चेहरा तोच, त्यातलं रडणं तेच. मी तो सिनेमा पाहिलेला नाही, कदाचित त्याचं काम सुमारच असेल, पण त्याला चढवणाऱ्यांतले आणि उतरवणाऱ्यांतले निम्मे लोक माझ्यासारखेच न बघितलेले होते. आधी टाळ्यांच्या मिनिटांवर चढवला आणि मग तिकिटांच्या गल्ल्यावर उतरवला. अभिनय हा विषय मधे कुठे आलाच नाही.

डॅनियल डे-लुईसचं तर विचारूच नका. बेस्ट ॲक्टर तीनदा घेतलेला तो एकटाच पुरुष, 2017 ला रिटायर होतो म्हणाला, आता मुलाच्या सिनेमासाठी परत आला, आणि नुसती बातमी आल्याबरोबर लोकांनी त्याला पाचात बसवला. सिनेमा कसा आहे, रोल काय आहे, कुणाला पत्ता नाही. नाव बघून उधारी देणाऱ्या दुकानदारासारखं झालंय सगळं.

जुनं काढायला गेलं तर दर वर्षीचा एक किस्सा निघेल, पण मला एप्रिल 2021 ची ती पहाट विसरता येत नाही. आमच्याकडे कोरोनाची दुसरी लाट, बाहेर रात्रभर ॲम्ब्युलन्सचा आवाज, झोप लागत नव्हतीच, मग साडेपाचला उठून तुमचा सोहळा लावून बसलो. चॅडविक बोसमन आदल्या ऑगस्टमध्ये गेला होता, गोल्डन ग्लोब त्याला, क्रिटिक्स चॉइस त्याला, तुमच्या ॲक्टर्स गिल्डचं त्याला, आणि सगळ्या जगाने ठरवलेलं की आता फक्त नाव वाचायचं बाकी आहे. त्यात नेहमी शेवटी असणारं बेस्ट पिक्चर आधी उरकून घेतलं आणि बेस्ट ॲक्टर शेवटी ठेवलं, तेव्हा आम्ही त्याचा अर्थ तोच लावला. वाकीन फीनिक्सने पाकीट उघडलं, नाव वाचलं अँथनी हॉपकिन्सचं, हॉपकिन्स तिकडे वेल्सला झोपलेला, अकादमी त्यांच्या वतीने स्वीकारते वगैरे, आणि संपलं. लाइट बंद.

मी हॉपकिन्सचा 'द फादर' नंतर बघितला. स्मृती जात चाललेला तो म्हातारा शेवटी लहान मुलासारखा आईला हाक मारतो तिथे मला थांबवावा लागला, माझ्या आजोबांचं शेवटचं वर्ष तसंच गेलं होतं. त्रेऐंशी वर्षांच्या माणसाने एवढं काम करावं, आणि त्या रात्री इंटरनेटवर त्याला वागवलं कसं, तर कुणाच्या तरी ताटातलं ओढून घेतल्यासारखं. बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी वेल्समधून व्हिडिओ टाकून आभार मानले आणि बोसमनला आदरांजली वाहिली. आणि बोसमन? त्याचं 'मा रेनी' मधलं काम बाजूलाच राहिलं, आठवण काय राहिली तर 'ज्याला मिळणारच होतं आणि मिळालं नाही तो'. हे दोघांचंही नुकसान अंदाजवाल्यांनी केलं, मतदारांनी नाही. अंदाज नसता तर ती साधी एका मोठ्या नटाच्या मोठ्या कामाची रात्र झाली असती.

यंदा मार्चमध्येही थोडंफार तसंच. शालामेने गिल्डचं जिंकलं आणि स्टेजवरून सांगितलं की मला ग्रेट व्हायचंय, झालं, आमच्या ग्रुपवर कोण जिंकणार या पैजेत तिघांनी नाव बदललं. सगळ्यात तरुण बेस्ट ॲक्टरचा विक्रम 29 व्या वर्षी जिंकलेल्या एड्रियन ब्रोडीच्या नावावर, तो शालामे मोडणार होता, आणि हरला कुणाशी तर ब्रोडीशीच. मग ब्रोडी बोलायला उभा राहिला तो साडेपाच मिनिटांवर बोलतच होता. ती मिसळ मी खाल्ली आहे, म्हणून मला ब्रोडीबद्दल विशेष प्रेम.

असो, मुद्द्यावर येतो. एप्रिलमध्ये तुमच्या अकादमीने नवीन नियम काढला की शेवटच्या फेरीत ज्या कॅटेगरीत मत द्यायचं त्यातले सगळे नॉमिनेटेड सिनेमे बघितलेले असले पाहिजेत, नाहीतर मत नाही. वाचून आधी आनंद झाला आणि मग दोन मिनिटांनी वाटलं की म्हणजे इतकी वर्षं न बघता देत होतात की काय! चांगला नियम आहे, नाही म्हणत नाही. पण हे वरातीमागून घोडं आहे. शेवटच्या फेरीत पाच नावं आलेली असतात, पाच सिनेमे बघणं काही अवघड नाही. खरी चाळणी त्याच्या आधी लागते, नॉमिनेशनला, आणि तिथे फक्त तुम्ही अभिनेते मत देता, आणि तिथे बघायची सक्ती कसलीच नाही. कशी असणार, शेकड्याने सिनेमे. मग माणूस काय करतो? यादी बघतो. मी करतो तेच.

आता जरा गणित, कंटाळू नका. नॉमिनेशनचं मत तुम्ही पसंतीक्रमाने देता, एक दोन तीन चार पाच. महाराष्ट्रात हे समजावून सांगावं लागत नाही, विधान परिषदेची निवडणूक आली की पहिल्या पसंतीची मतं, कोटा, दुसऱ्या पसंतीवर कोण आला हे आमच्या इथे चहाच्या टपरीवर चालतं. तुमचंही तेच. तेराशे मतं पडली असं धरू, जागा पाच, म्हणजे तेराशेला सहाने भागा आणि वर एक, 217. दोनशे सतरा जणांनी एक नंबरला नाव लिहिलं की तो माणूस आत! आमच्याकडे गावच्या सोसायटीच्या संचालकाला सुद्धा याहून जास्त मतं लागतात. याचा अर्थ असा की तुमच्या एका मताला प्रचंड वजन आहे, पण ते पहिल्या पसंतीला. चौथ्या पाचव्या नंबरचं नाव बऱ्याचदा मोजायची वेळच येत नाही. आणि तुम्ही तो एक नंबर कुणावर घालवता, तर जो लॉक आहे, जो तुमच्याशिवायही येणारच आहे, त्याच्यावर.

हे होऊ शकतं हे तुम्हीच दाखवलंय. जानेवारी 2023 ला बेस्ट ॲक्ट्रेसच्या नॉमिनेशनमध्ये अँड्रिया राइजबरो, सिनेमा 'टू लेस्ली', धंदा किती तर सत्तावीस हजार डॉलरच्या आसपास, एवढे पैसे आमच्याकडे एखाद्या मराठी पिक्चरला पहिल्या दोन दिवसांत मिळतात. कुठल्याच यादीत नाव नाही, आणि शेवटच्या दिवसांत केट विन्स्लेट वगैरे बड्या मंडळींनी तिच्यासाठी बोलायला सुरुवात केली आणि आली की आत. आता त्यात ओळखीपाळखीचा भाग होता, तुमच्या अकादमीने चौकशीसारखं काहीतरी केलं आणि नॉमिनेशन कायम ठेवलं, आणि त्याच वर्षी व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर बाहेर राहिल्या यावरून जे प्रश्न विचारले गेले ते योग्यच होते. ज्याचे मित्र मोठे त्यालाच हा रस्ता सापडला तर काय अर्थ. पण रस्ता आहे हे कळलं. यंदाच्या जानेवारीत सेबॅस्टियन स्टॅनचंही बघा, ट्रम्पवरच्या सिनेमाला वितरक मिळेना, त्याच्याबरोबर कॅमेऱ्यासमोर गप्पा मारायला दुसरा नट तयार होईना असं तो स्वतः सांगत होता, आणि तुम्ही त्याला पाचात घेतलंत. तर डॅनियल क्रेग, जो सप्टेंबरपासून सगळ्यांच्या याद्यांत होता, तो राहिला. त्या दिवशी माझी दोन नावं चुकली आणि तरी मला बरं वाटलं होतं.

आमच्याकडच्या राष्ट्रीय पुरस्काराचं वेगळंच. नॉमिनेशन नाहीत, जाहिराती नाहीत, ज्युरी बंद खोलीत बघते आणि एक दिवस पत्रकार परिषदेत नाव वाचतात. गिरीश कुलकर्णींना 'देऊळ'साठी मिळालं तेव्हा आधी कुणी टक्केवाऱ्या लावल्या नव्हत्या. तिथे भांडणं नंतर होतात, तुमच्याकडे आधी, एवढाच फरक. आमचंच बरोबर असं म्हणत नाही, आमच्या निकालांवर बोलायला बसलो तर दुसरं पत्र लागेल.

आणि आता जे सांगायला मुळात बसलो होतो ते. 26 सप्टेंबरच्या शुक्रवारी आमच्याकडे दोन सिनेमे एकाच दिवशी लागले. एक डिकॅप्रिओचा, दुसरा नीरज घेवानचा 'होमबाउंड', जो यंदा भारताकडून तुमच्याकडे आलाय. शनिवारी पहिला बघितला, रविवारी दुसरा. डिकॅप्रिओ मस्त आहे, बाथरोब घालून पळत सुटलेला, पासवर्ड विसरलेला बाप, हॉल हसत होता, मीही हसलो. 'होमबाउंड'ला आम्ही मोजून चौदा जण होतो. दोन मित्र, पोलीस भरतीची परीक्षा, एक मुसलमान एक दलित, आणि मग लॉकडाऊन. नाशिकला पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणारी पोरं मी रोज बघतो, छाती मोजून घेणारी, बूट फाटलेले, वयोमर्यादा संपत आलेली. आणि 2020 च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा हायवेने चालत जाणारी माणसं आमच्या गच्चीतून नाही पण पुलावरून आम्ही पाहिलीत, बिस्किटांचे पुडे आणि पाणी देऊन परत घरात येऊन बसलोत. विशाल जेठवा फॉर्मवर जात लिहिताना थबकतो ना, तेवढ्या दोन सेकंदांत त्याने जे केलंय ते मी डिकॅप्रिओच्या पावणेतीन तासांत पाहिलं नाही. ईशान खट्टर त्याला उचलून घेतो तिथे माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस उठून बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी तोंड धुऊन परत आला.

आणि चारच दिवसांनी, दसऱ्याला मी यादी केली. डिकॅप्रिओ लिहिला. जेठवाचं नाव डोक्यात आलंसुद्धा नाही! नाकारलं असतं तरी चाललं असतं, आलंच नाही. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं म्हणून. स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतः रडून, तरी हात लिहिताना दुसऱ्यांचीच यादी उतरवत होता. मी एक प्रेक्षक, माझं मत कुठे मोजलं जात नाही. तुमचं मोजलं जातं म्हणून काळजी वाटते.

मला व्यवहार कळतो. नुसतं इंटरनॅशनल फीचरला पाठवून नट तुमच्या बेस्ट ॲक्टरच्या रांगेत लागत नाही, अमेरिकेत थिएटरला आठवडाभर लागावा लागतो, पैसा लागतो. 2004 ला 'श्वास' पाठवला तेव्हा महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली होती, गणपतीला काढतात तशी, तिकडे प्रचार करायला पैसे हवेत म्हणून. अरुण नलावडेंनी त्यात जो आजोबा केला, नातवाचे डोळे जाणार हे माहीत असलेला, ते काम कुणाच्या बेस्ट ॲक्टरच्या यादीत यायचा प्रश्नच नव्हता. परभाषेतल्या बोलपटासाठी बेस्ट ॲक्टर तुम्ही आजवर एकालाच दिलंय, रॉबर्तो बेनिनीला, 1999 ला. यंदा मौराचं नाव याद्यांत आहे, कान्सला बेस्ट ॲक्टर झालाय, पोर्तुगीज सिनेमा, येऊ दे बिचारा. पण तोही याद्यांत आहे तो कान्समुळेच.

तर मागणी एवढीच. 12 जानेवारीला बॅलट उघडाल तेव्हा पहिल्या ओळीवर यादीतलं नाव लिहू नका. वर्षभरात बघितलेलं एखादं काम, जे बघून घरी जाताना गाडीत कुणाशी बोलावंसं वाटलं नाही, तो नट. तो डिकॅप्रिओच निघाला तर डिकॅप्रिओ लिहा, माझी काही दुश्मनी नाही. दोन ते पाच नंबरला हवे तेवढे लॉक लिहा. तुम्ही स्वतः नट आहात, कॅमेऱ्यासमोर दोन सेकंद थबकायला काय लागतं हे तुम्हाला कळत नसेल तर कुणाला कळणार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाशिकचा एक प्रेक्षक, पहाटे साडेचारचा अलार्म लावणारा

ता. क. आमच्या ग्रुपच्या नियमाप्रमाणे यादी बदलायला लक्ष्मीपूजनापर्यंत मुदत असते. काल रात्री इथन हॉक काढला आणि विशाल जेठवा लिहिला. हॉकचा सिनेमा बघितलेला नसताना त्याला काढला, म्हणजे तेही चूकच, पण असू दे. ग्रुपवर हसण्याचे सहा इमोजी आले, एकाने आत्ताच मिसळीचं ठिकाण सुचवलं, आणि न्यू जर्सीवाल्याने विचारलं, कोण रे हा?